गोडी छाटणी

दिंडोरीच्या बाजूला जायचं, हे ठरलं होतं.
गाडी माझी, हेही.
घाटात मी, सपाटीला विद्याधर.
त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय
आणि कसाऱ्याची वळणं कुणाला माफ करत नाहीत.
राहिला होता मुक्काम.

म्हणून आज मुलुंडला, माझ्या डायनिंग टेबलावर
थालीपिठाची ताटं बाजूला सारून
आम्ही दोघं एका फोनवर वाकलेले,
कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ,
लागू न देण्याइतके सावध.

पहिलं धरणाकाठचं.
काचेची भिंत, पाण्यात पाय सोडून बसलेला सूर्य,
पलंगावर गुलाबपाकळ्यांचा बदाम
आणि टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच.
मग अंग पुसायला काय देतात? विद्याधर म्हणाले.
मी इतकी हसले की चहा सांडला,
आणि ते ठिकाण गेलं.

दुसरं तंबूचं. न्हाणीघर तंबूमागे, उघड्या चांदण्यात.
रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला
चांदण्याचं कौतुक ते किती असणार.
तेही गेलं.

तिसऱ्याकडे भिंतभर लाकडी पिंपं.
मॅनेजर म्हणाला, मॅडम, कपलला टेस्टिंग फ्री आहे.
फोन स्पीकरवर होता.
तो शब्द टेबलभर फिरला,
लोणच्याच्या बरणीला वळसा घालून
आमच्या मधोमध येऊन बसला.
यांना शुगर. मी एका घोटात लाल होते.
पण नाही म्हणताना आम्ही कारण दिलं पार्किंगचं.

त्यांची यादी: गाडीला सावली, कमोड,
वीस मिनिटांवर दवाखाना.
माझी एवढीच: खिडकीसमोर काही नको.
इथे समोर हिरव्या जाळीत गुंडाळलेला टॉवर
महिन्याला एक मजला चढतो.
अठराव्यानंतर मी चंद्र शोधणं सोडलं.

चौथा नंबर त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या मेहुण्याचा.
फोटो नाही, नुसतं नाव. मथुराबाई कडलग.
उचलला तेव्हा मागे ट्रॅक्टर चालू होता.
"या की. पण आधीच सांगते,
फोटूतल्यासारखे घड दिसायचे न्हाईत.
दसऱ्याच्या मागंपुढं छाटणी धरलीय, बाग बोडकी असंल."
मग यायचं कशाला, हे माझ्या ओठांवर आलेलं
त्यांना नाशकापलीकडे ऐकू गेलं असावं.
"एप्रिलात छाटतो ती खरड. त्यातनं नुसती काडी तयार होते.
माल धरतो तो ह्या दुसऱ्या छाटणीला.
गोडी म्हणत्यात हिला."

विद्याधरांनी चष्मा काढला, पुसला,
पुसलेला पुन्हा पुसला.
नलिनीताईंच्या फोटोला ते अजून दर शुक्रवारी हार घालतात.
माझी कोर्टाच्या कागदांची फाइल
अजून माळ्यावर आहे, पिठाच्या डब्यामागे.

"खोली एक का दोन?" बाईंनी विचारलं.
"तशा दोनच हायेत. एकीत क्रेट रचलेत.
रिकामी करायची तर गड्याला आजच सांगावं लागंल."

बावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर विचारत आले,
खातं एकट्याचं की जॉइंट?
तेही वर न बघता.

क्रेट राहू द्या, मी म्हटलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "बाजरीची भाकर चालती ना?"
चालते, हे विद्याधर बोलले,
इतक्या घाईने की पलीकडे बाई हसल्या
आणि फोन कट झाला.

टायरमधली हवा बघून येतो, म्हणून ते उठले.
निघायला अजून अकरा दिवस होते.

गॅलरीतून दिसत होतं:
वॉचमनची बॅटरी मागून घेऊन
एकेका चाकापाशी वाकतायत,
अंगठ्याने दाबून बघतायत.
चार झाली. डिकी उघडली,
स्टेपनीलाही हात लावला.
मग तिथेच थांबले थोडा वेळ,
बॅटरी विझवून,
वर बघावं की नाही ते न ठरवता.